मैदानाने दिलेली ओ

बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या बांबूंवर, चढले की स्टेजही उभं राहतं. दोन्हीला बांबू लागतो आणि दोन्हीला थंडी लागते. माघाचे दिवस. पहाटे जमिनीकडून कोरडा वारा सुटतो आणि जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील एकमेकांवर घासून खरखर वाजतात. त्याच वाऱ्यात, सातपाटीपासून पार बोईसरपर्यंत, रस्त्याच्या खांबाखांबावर गाणाऱ्यांची तोंडं फडफडायला लागतात. सगळे हसत असतात. दात मी आयुष्यभर बघत आलो. बोंबलाचे दात जास्त खरे वाटतात.

काल नात पडवीत पुठ्ठा घेऊन बसली होती. पालघरला कॉलेजात जाते. पुठ्ठ्यावर लाल रंगाने मोठा बदाम काढला होता आणि बदामाच्या पोटात काहीतरी लिहीत होती.

"काय गं हे?"

"शनवारी प्रोग्रॅम हाय आजोबा. बोर्ड धरायचा. तो वरून वाचतो."

"म्हणजे तू त्याचं गाणं ऐकायला चाललीस, का तो तुझं लिवलेलं वाचायला येतोय?"

"दोनी."

"दोनी होत नाय."

"तुमाला कायच कळत नाय. प्रेम दाखवायचं असतं."

"टाळी वाजव. टाळीला दोन हात लागतात. बोर्ड धरलास की ते अडकले."

ती हसली आणि परत रंगवायला लागली. मी उठलो, पुठ्ठा तिच्या हातातून घेतला आणि मागच्या चुलीत घातला. रंग ओला होता, फुरफुर करत जळला. नात रडली. सुनेने संध्याकाळचं ताट माझ्यापुढे आपटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, पुठ्ठाच होता." मी जेवलो. मला भूक होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण गाणं कसं ऐकायचं हे मला शाळेने शिकवायची गरज नव्हती. आमच्यात हळदीला बाया गायला बसायच्या तेव्हा कोणी त्यांना अमुक म्हण, तमुक म्हण असं सांगत नसे. निघालेल्या होडीला मागून टोकत नाहीत, तसं गाणाऱ्याला टोकत नाहीत. तो कुठे निघालाय हे त्याला ठाऊक असतं. आपण काठावर उभं राहायचं. हा बोर्ड म्हणजे टोकणं आहे. आणि वर तोंड झाकलेलं टोकणं. पुठ्ठा वर धरला की धरणाऱ्याचं तोंड पुठ्ठ्यामागे जातं, आणि त्याच्या मागे बसलेल्याला स्टेजच्या जागी पुठ्ठ्याची पाठ दिसते. म्हणजे पुढच्याला माणूस दिसत नाही, मागच्याला गाणारा दिसत नाही. फायदा कोणाचा?

पण मी पुठ्ठा जाळला तो ह्या वादासाठी नाही. मी जाळला तो एका माघासाठी. तो माघ परत परत येतो. बोंबील खरखरायला लागले की येतोच.

माझी धाकटी बहीण पारू. नवापूरला दिली. नवरा लवकर गेला, दोन मुलगे मागे राहिले. थोरला हरेश, तांडेल झाला, होडी त्याच्या हुकमात. धाकटा बाबू. बाबूला समुद्र लागायचा. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की ओकायचा. कोळ्याच्या पोटी असा पोरगा जन्माला आला की त्याला एकतर कारखान्यात घालतात नाहीतर तो गायला लागतो. बाबू गायला लागला. पोस्टरवर त्याचं दुसरं भारी नाव असतं, ते मी इथे लिहीत नाही. घरात तो बाबू, चाहत्यांचा बाबूदादा.

गळा बरा आहे त्याचा. छाती लहान. लांब स्वर धरला की शेवटी हलतो, आणि लोकांना वाटतं तो मुद्दाम हलवतो.

त्याचं जे गाणं चाललं ते थोरल्या भावावरच होतं. धाकटा काठावर बसलाय, थोरला होडी घेऊन येत नाही, धाकट्याला भूक लागलीय, अशी मस्करी. शेवटी ढोलकी थांबायची आणि बाबू हाताचा पंजा तोंडाशी लावून हाक मारायचा, "हरेशदादा रं…" आणि मैदानाच्या पार मागून, वडापावच्या गाडीपाशी उभा असलेला हरेश, तोंडातला घास तसाच ठेवून, ओरडायचा, "आलो…"

तेवढ्यासाठी लोक यायचे, मला विचाराल तर. हरेशचा आवाज बाबूपेक्षा मोठा होता. माइक नसताना मोठा होता. वाऱ्याविरुद्ध ओरडून झालेला आवाज. लोक मागे वळून बघायचे आणि तो परत वडापाव खायला लागायचा. त्याला टाळ्यांचं काही नव्हतं. मी एकदा म्हणालो, "अरे, स्टेजवर जा की." तर म्हणाला, "मामा, हाक लांबून आली तरच ओ देण्यात मजा हाय."

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर हरेश गेला. वादळ नव्हतं. लोकांना वादळ हवं असतं, म्हणून सांगतो. नव्हतं. पहाटे लघवीला होडीच्या मागच्या कडेला गेला, बाकीचे जाळं आवरत होते. होडी हलली असेल. मागे वळून बघितलं तर कडा रिकामी. तारापूरकडचे दिवे दिसत होते, इतक्या जवळ. आमच्यातली अर्धी माणसं अशीच जातात. त्याच्यावर गाणी होत नाहीत.

अंग सापडलं नाही.

आता इथे आमची एक रीत सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याचं अंग सापडत नाही त्याला किनाऱ्यावरून हाक मारतात. दिवस बुडताना. धाकटा भाऊ असेल तर त्याने, नसेल तर मुलाने. नाव घेऊन, सरळ पाण्याकडे तोंड करून. तो आला नाही तरी त्याचं अंग येतं, किंवा निदान त्याला कळतं की आपलं घर कुठल्या बाजूला आहे. ही हाक चालू असताना दुसऱ्या कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. बायका पोरांना घरात घेतात आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवतात, चुकून एखादं खेळताना ओ म्हणेल म्हणून. कारण दुसऱ्याने ओ दिली की हाक त्याच्यापाशीच संपते. पाण्यापर्यंत जात नाही. मग परत मारून उपयोग नसतो.

खरं का खोटं मला विचारू नका. मी ते मानतो. माझ्या बापाने मानलं.

बाबू रोज जायचा. पारू दारात उभी राहायची, पदर दातात धरून. हाक ऐकू आली की आत जायची आणि दिवा लावायची. त्या दिवसांत तिने बाजारात टोपली नेली नाही, कोणाशी धड बोलली नाही, पण त्या हाकेच्या वेळी तिच्या तोंडावर रंग यायचा. मी जाऊन बसायचो. एकदा म्हणाली, "भाऊ, आज वारा खालचा हाय. आवाज लांब गेला आसल." मी म्हणालो, "गेला." वारा उलटा होता.

मग माघ आला. पालघरच्या मैदानात कार्यक्रम आधीपासून ठरलेला. बाबू नको म्हणत होता. कार्यक्रम लावणारे म्हणाले, ते एक गाणं सोड, बाकीची म्हण. मी त्याच्याबरोबर गेलो, कारण तो एकटा जाण्याच्या स्थितीत नव्हता. पहिल्या रांगेच्या कडेला मला खुर्ची दिली. जनरेटरचा धूर आणि भेळेचा कांदा, ह्याचा मिळून जो वास येतो तो मला अजून आवडत नाही.

दोन-तीन गाणी झाली. मग बोर्ड वर आले. एक नाही, दोन नाही. अख्ख्या मैदानाने एकदम वर केले. कोणीतरी सगळ्यांना आधीच वाटले होते. पांढरा पुठ्ठा, काळं अक्षर, सगळ्यांवर एकच शब्द. मला वाचायला वेळ लागतो, पण हा वाचला. "आलो".

शेजारी एक पोरगी होती, बोईसरची. बाबूच्या चाहत्यांचं जे मंडळ आहे त्यातली. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"काका, हरेशदादांच्या आठवणीत आहे हे. त्यांच्या वतीने आम्ही सगळे ओ देणार. सरप्राइज आहे बाबूदादाला." तिचे डोळे भरलेले होते. एका हातात बोर्ड, एका हातात मोबाईल. रडत होती आणि शूटिंग करत होती. दोन्ही चांगलं जमत होतं तिला.

"तुला कोणी सांगितलं ओ द्यायला?"

"प्रेम आहे काका."

बाबू स्टेजवर उभा. खाली बघतोय तर तेवढाच शब्द, हजार वेळा. वाजवणाऱ्यांना वाटलं आता तेच गाणं, त्यांनी सुरू केलं. ढोलकी एकदा सुरू झाली की गाणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं, ह्याला मी दोष देत नाही. तो गायला. थोरला येत नाही, धाकट्याला भूक लागलीय, ती सगळी मस्करी गायला. लोक नाचत होते. शेवटी ढोलकी थांबली. थांबायला नको होती, पण वाजवणाऱ्याच्या हाताला सवय. आणि बाबूचा पंजा तोंडाशी गेला. त्यालाही सवय.

"हरेशदादा रं…"

आणि मैदान म्हणालं, आलो. पोरं म्हणाली, बाया म्हणाल्या, पोलीस हवालदार म्हणाला. कारखान्यातले बिहारी कामगार मागे उभे होते, त्यांना शब्द कळला की नाही देव जाणे, तेही म्हणाले. बोर्ड हलत होते. माझ्या शेजारची पोरगी सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

मी बाबूकडे बघत होतो. त्याचा पंजा तोंडाशी तसाच राहिला. मग त्याने हात खाली घेतला, माइकवर "थँक्यू पालघर" म्हणाला आणि पुढचं गाणं घेतलं. तेही चांगलं म्हटलं. स्वर हलला नाही त्या दिवशी. त्यावरून मला कळलं की आत काहीतरी बंद झालं.

दुसऱ्या दिवसापासून बाबू किनाऱ्यावर गेला नाही. बोईसरला खोली घेतली आणि तिकडेच राहिला. पारूला काय सांगणार? सगळ्या गावाच्या मोबाईलवर ते मैदान होतं. लोक बघत होते, रडत होते, एकमेकांना पाठवत होते. पण नवापूरच्या बाजारात बसणाऱ्या बाया, ज्या एरवी कोणाची सून किती उशिरा उठते ह्यावर सकाळ घालवतात, त्यांनी पारूपुढे तोंड उघडलं नाही. मीही उघडलं नाही. आज विचाराल तर आजही उघडणार नाही.

पारू रोज दिवस बुडताना दारात उभी. हाक नाही. दिवा कधी लावायचा हे तिला कळेना. काळोख होऊन जायचा, मग सून लावायची, हरेशची बायको.

"तो का बंद झाला, भाऊ?"

"दमला आसल."

"हाक मारून कोण दमतं? मी फोन केला, उचलत नाय. माणूस धाडला, तर कामात हाय म्हणं."

मग तिला कोणीतरी सांगितलं की बाबू स्टेजवरून बोर्ड वाचतो आणि बोर्डवर लिहिलेलं ऐकतो. एका पोराच्या वाढदिवसाला त्याने पोराचं नाव घेतलं, कोणाच्या आजीसाठी जुनं गाणं म्हटलं. पारू माझ्याकडे सातपाटीला आली, हातात मासळीच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण.

"ह्याच्यावर लिही."

"काय?"

"बाबू, हरेशला हाक मार."

मी म्हणालो, "पारू, वर्ष झालं नाय. सुतकाची बाई तू, गाण्याच्या कार्यक्रमाला बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणूदेत. तो परक्यांचं लिवलेलं ऐकतो. माझं ऐकल."

"बोर्डाने कोण ऐकत नाय. बोर्ड म्हणजे…"

"तू लिवतोस का मी दुसऱ्याकडे जाऊ?"

मी लिहिला. होडीवर नाव घालायचा काळा रंग काढला आणि लिहिला. आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांची नावं माझ्या हाताची आहेत. हरेशच्या होडीचंही. र ची शेपटी मी लांब ओढतो, दुसरं कोणी तशी ओढत नाही. बाबू त्या अक्षरापुढे लहानाचा मोठा झाला. म्हणजे पुढे जे झालं त्यात तो ओळखू शकला नाही, डोळ्यांवर लाईट होता, असलं काही मला कोणी सांगू नये. बऱ्याच जणांनी सांगितलंय. मी ऐकून घेतलं नाही.

लिहिताना मला माहीत होतं की ती हाक आता संपलेली आहे. तिला माहीत नव्हतं. र ची शेपटी वाळेपर्यंत आम्ही दोघं झाकणाच्या दोन बाजूंना बसलो होतो. ती म्हणाली, "तुझं अक्षर बापासारखं हाय." बापाला लिहिता येत नव्हतं.

बोईसरचा कार्यक्रम शिमग्याच्या आधीचा, मोसमातला शेवटचा. रिक्षाने गेलो. वाटेत ती झाकण मांडीवर उलटं धरून बसली होती, कोणी वाचू नये म्हणून. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, माल कुठं उतरवायचा?" तिने झाकण आणखी जवळ ओढलं. संध्याकाळची वेळ, कारखान्यांच्या बाजूने तो आंबट वास येत होता, आणि मैदानाच्या दारातच पोरं पुठ्ठे रंगवून देत बसली होती. नवऱ्याबरोबर आलेल्या, पोराला खांद्यावर घेतलेल्या, सगळ्या हसऱ्या माणसांत ही एक पांढऱ्या कपाळाची बाई. दोन बायांनी बघितलं आणि एकमेकींना कोपर मारलं. नवापूरच्या होत्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या भेळ घ्यायला गेल्या.

बाबू आला. चमचमणारा कोट. बारीक झाला होता. दोन गाणी झाल्यावर त्याने आपला तो खेळ सुरू केला, बोर्ड वाचायचा.

"ताई, लग्न करशील का लिहिलंय. घरी विचारून आलीस का माझ्या घरी विचारायला जाऊ?" लोक हसले. "हा कोण? 'उद्या पेपर आहे तरी आलो.' अरे मग पुस्तक धरायचं ना वर." लोक हसले. बोलायला तो हुशार, ते मी नाकारत नाही.

पारू उभी राहिली. तिची उंची ती काय, झाकण दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं तरी पुढच्याच्या खांद्याला लागत होतं. म्हणून ती खुर्चीवर चढली. मी खुर्ची धरली. मागून आवाज आला, "आजी, बसा ना, दिसत नाही." एका पोराने हिंदीत सांगितलं, "नीचे करो, अम्मा." ती हलली नाही. झाकण सरळ होतं. वल्हं धरलेल्या घरातली बाई.

बाबूची नजर फिरत फिरत आली आणि थांबली.

वाचायला एवढा वेळ लागत नाही. चार शब्द. तो तेवढ्यावर बराच वेळ थांबला. वाजवणारे त्याच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, उतरेल. खाली येईल, तिला खुर्चीवरून उतरवेल, घरी घेऊन जाईल, आणि वाटेत काय सांगायचं ते सांगेल. मला खरंच वाटलं.

त्याने माइक तोंडाशी नेला.

"इकडं एक बोर्ड हाय. हरेशला हाक मार म्हणतायत." तो हसला. त्याच्या पोस्टरवर असतं तसं. "त्या हाकेला ओ मिळाली, मायबाप. माघातच मिळाली, पालघरच्या मैदानात. तुमीच दिली ना? दिली का नाय? काय म्हणाला होता तुमी?"

मैदान उठलं. त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. शिट्ट्या, टाळ्या, मोबाईलचे दिवे. आणि सगळे मिळून, पालघरला म्हणाले होते त्याच्याहून मोठ्याने म्हणाले, "आलो…"

बाबूने मान हलवली. "ऐकलं?" म्हणाला. कोणाला म्हणाला ते मैदानाला कळलं नाही. आणि ढोलकीवाल्याला हात करून दुसरंच गाणं सुरू केलं.

पारू खुर्चीवर उभीच. झाकण अजून वर. मी खालून तिच्या तोंडाकडे बघितलं. ती रडत नव्हती. शाळेत मास्तरने गणित सोडवून दाखवल्यावर पोर फळ्याकडे बघतं तशी स्टेजकडे बघत होती.

"एवढ्यांनी दिली?" तिने विचारलं.

"हो."

"तू व्हतास?"

"होतो."

तिने झाकण खाली घेतलं. अक्षराची बाजू आपल्या अंगाला लावली, खुर्चीवरून उतरली आणि बसली.

मागून एक बाई पुढे वाकली. चांगल्या घरातली, आवाज गोड. पारूच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "थँक्यू हां, आजी. आता दिसतंय."